जातो, जाते आणि जाईन

मराठीच्या तासाला निबंधाचे जे विषय वर्षानुवर्षे चालत आले आहेत, ते बहुतेक सगळे पुल्लिंगी आहेत. 'मी पक्षी झालो तर', 'मी मुख्याध्यापक झालो तर'. मुली ते आपोआप 'झाले तर' करून घेतात आणि लिहायला लागतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत मात्र हे मुद्दाम करून घ्यावे लागते, कारण आमच्या मुलांच्या लिहिण्यात लिंगाच्या चुका फार. 'माझी पुस्तक' असे लिहिणारे मूल उर्दूतल्या किताबीचे स्त्रीलिंग मराठीत घेऊन आलेले असते. त्याला हळूहळू सांगावे लागते की बाबा, इथे दोन नाहीत, तीन लिंगे आहेत.

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने सबंध निबंध 'मी जातो, मी खेळतो, मी बघतो' असा लिहिला. मी लाल शाईने प्रत्येक 'तो' खोडून 'ते' केले. पुढच्या निबंधात तिने पुन्हा तेच केले, मीही पुन्हा तेच केले. तिसऱ्या वेळी मी तिला वर्गात उभे करून मोठ्याने वाचायला लावले आणि वर्ग हसला. त्यानंतर त्या वहीतले निबंध शुद्ध झाले आणि चार-पाच ओळींचे झाले. ती निव्वळ व्याकरणाची चूक असेल. नसेलही. मी विचारले नाही. माइया कोबेब यांचे 'जेंडर क्वीअर' वाचताना ती वही सारखी आठवत राहिली. या पुस्तकाबद्दल लिहावेसे वाटले ते त्यामुळे.

'जेंडर क्वीअर' हे चित्रमय आत्मकथन आहे. कॉमिकच्या चौकटींतून, चित्र आणि संवाद यांतून सांगितलेले आयुष्य. ते २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. कोबेब यांचा जन्म १९८९ चा, कॅलिफोर्नियातला. जन्माने मुलगी ठरलेले एक लेकरू आपण मुलगी नाही असे जाणते, पण मुलगा व्हावे असेही त्याला वाटत नाही. या दोन्ही खोल्यांच्या बाहेर उभ्या राहणाऱ्याला इंग्रजीत आज नॉनबायनरी म्हणतात. मुंबईत शिकणाऱ्या माझ्या भाचीने मला हे पुस्तक आणून दिले आणि देताना म्हणाली, "खाला, वाचून झालं की कपाटात ठेव. बाहेर राहू देऊ नकोस."

तिचे म्हणणे बरोबर होते. पुस्तकात काही पाने उघडी आहेत, शरीरसंबंधाची आहेत. मी ती भराभर उलटली, हे सांगायला मला संकोच नाही. आठवीच्या वर्गात हे पुस्तक मी ठेवणार नाही. अमेरिकेतही याच पानांवरून वादळ उठले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीप्रमाणे २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे ग्रंथालयांतून काढून टाकण्याची सर्वाधिक मागणी याच पुस्तकाबाबत झाली. व्हर्जिनिया राज्यात ते अश्लील ठरवावे म्हणून काहीजण कोर्टात गेले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने ते प्रकरण फेटाळले. पण ज्या पानांवरून भांडण झाले ती या पुस्तकातली सगळ्यात कमी महत्त्वाची पाने आहेत, असे माझे मत झाले आहे. भांडणाऱ्यांनी बाकीची वाचली असती तर त्यांना जास्त अस्वस्थ वाटले असते.

बाकीच्या पानांवर काय आहे? अकरा वर्षांचे होईपर्यंत नीट वाचता न येणारे एक मूल आहे. (आपल्याकडे अशा मुलाच्या कपाळावर 'ढ' हे अक्षर दुसरीतच कोरले गेले असते.) पहिल्या पाळीची भीती आहे, आपल्याच शरीराने आपल्याला फसवल्याची भावना आहे. डॉक्टरकडच्या तपासणीचा एक प्रसंग आहे, तो वाचून कोणत्याही बाईला आपले काही आठवल्याशिवाय राहणार नाही. केस कापणे आहे, कपडे निवडणे आहे. आणि पानोपानी एकच शोध आहे की मला जे वाटते त्याला शब्द कुठला. एका ठिकाणी कोबेब यांनी तराजू काढला आहे. जन्माच्या वेळी एका पारड्यात कोणीतरी मोठे वजन ठेवून दिले आणि तेव्हापासून हे माणूस दुसऱ्या पारड्यात लहान लहान वजने टाकत बसले आहे. दुसरे पारडे जमिनीला लागावे असा त्याचा हट्ट नाही, दोन्ही समान व्हावीत एवढेच. दुसऱ्या एका ठिकाणी लिंगभाव हा प्रदेश म्हणून येतो: कोणी डोंगरात जन्मते, कोणी समुद्राकाठी, आणि कोबेब यांना घर हवे आहे ते मधल्या रानात. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग आणि पाठीला सह्याद्री असलेल्या हर्णेच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. आपले सगळे कोकणच त्या मधल्या पट्टीत वसले आहे.

चित्रांची रेषा साधी, स्वच्छ आहे. रंग कोबेब यांची बहीण फीबी यांनी भरले आहेत. घरातल्या माणसाने भरलेले रंग, ही गोष्ट पुस्तकाच्या प्रकृतीला शोभते. यात घर तुटत नाही. आई गोंधळते, विसरते, पुन्हा विचारते.

आता व्याकरणाकडे येते, कारण या पुस्तकाचा कणा तोच आहे असे मला वाटते. इंग्रजीत 'मी' मोकळा आहे. मी जातो आणि मी जाते यांत इंग्रजी क्रियापद फरक करत नाही. तिथे अडचण तृतीय पुरुषात येते. दुसरे लोक आपल्याबद्दल बोलताना 'तो' म्हणणार की 'ती'? म्हणून कोबेब यांनी दोन्ही नाकारून 'ई, एम, एअर' ही नवी सर्वनामे घेतली. मायकेल स्पिव्हाक या गणितज्ञाच्या नावाने ती ओळखली जातात (गायत्री स्पिव्हाक यांचा याच्याशी संबंध नाही). पुस्तकातला निम्मा ताण याच गोष्टीचा आहे: सांगायचे कसे, मित्रांना, आईवडिलांना, वर्गाला. सांगितल्यावर लोक विसरले तर पुन्हा टोकायचे की गिळून टाकायचे. ही लढाई दुसऱ्याच्या तोंडाशी आहे.

मराठीत ती स्वतःच्या जिभेशी होते. मराठी माणूस 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हटल्याशिवाय दारातून बाहेर पडू शकत नाही. कोणी विचारण्याआधीच आपण कोण ते क्रियापद सांगून टाकते. मेहरुन्निसा दलवाईंच्या आत्मकथनाचे नाव आठवा: 'मी भरून पावले आहे'. लेखिकेचे नाव झाकले तरी ही बाई आहे हे पहिल्या चार शब्दांत कळते. तिथे ते शोभते, कारण ते एका बाईचे भरून पावणे आहे. पण ज्याला 'पावलो'ही म्हणायचे नाही आणि 'पावले'ही नाही, त्याने आपले आत्मकथन कुठून सुरू करायचे? उर्दूची गोष्ट आणखी निराळी. तिथे 'वो' हा तो आणि ती दोघांनाही चालतो, पण क्रियापद 'आया' की 'आयी' विचारतेच. मात्र उत्तरेकडच्या उर्दूत बायकाही स्वतःबद्दल 'हम जाते हैं' म्हणतात, आणि त्या 'हम'च्या आडोशाला थोडा वेळ उभे राहता येते. मराठीतही 'आम्ही गेलो' हे बाई आणि पुरुष दोघांचेही आहे. पण एकट्या माणसाने 'आम्ही' म्हटले की मराठी कानाला तो राजा तरी वाटतो किंवा शेखी मिरवणारा तरी.

मग मी एका रात्री वही घेऊन मराठीची काळाची कोष्टके तपासत बसले. बीएडला जी पाठ केली आणि नंतर मुलांकडून पाठ करून घेतली, तीच. 'मी लिहितो, लिहिते.' इथे दार बंद. 'मी लिहीत होतो, होते.' बंद. पण 'मी लिहीन' हे दोघांचे एकच! 'मी जाईन', 'मी सांगेन', 'मी राहीन'. भविष्यकाळात मराठीच्या 'मी'ला लिंग नाही. उर्दूत 'जाऊँगा, जाऊँगी' असे तिथेही विचारले जाते. आणि जुन्या पद्धतीचा तो रीतिभूतकाळ: 'मी शाळेत जाई', 'मी समुद्रावर बसून राही'. तोही मोकळा. 'मला वाटते', 'मला आठवते', 'मी पत्र लिहिले' हेही मोकळे. म्हणजे आठवण, वाटणे आणि पुढचा बेत एवढ्या भांडवलावर एखादे मराठी आत्मकथन लिंग न सांगता उभे राहू शकेल. अडेल ते आत्ताच्या जाण्या-येण्यात. मला हा शोध लागला तेव्हा आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली, कारण त्या मुलीला मी फक्त 'तो'चा 'ते' करायला शिकवले होते.

याच लेखात मी कोबेब यांच्याबद्दल आदरार्थी बहुवचन वापरत आले आहे. कोबेब म्हणतात, कोबेब यांनी काढले, कोबेब यांना वाटते. एवढ्यावर निभावले. 'आले' की 'आल्या' अशी वेळ आली की वाक्य फिरवून घेतले. वाचकांच्या लक्षात आले नसेल तर मराठीतला अदब आपल्याला वाटतो त्यापेक्षा अधिक कामाचा आहे.

कोणी म्हणेल, मराठीत नपुंसकलिंग आहे की! मलाही प्रथम तसेच वाटले होते. आपण 'ते मूल', 'ते लेकरू', 'ते पोर' म्हणतो. मालवणीत मुलीला 'चेडू' म्हणतात तेही नपुंसकलिंगी, आणि गोव्याच्या कोकणीत तरुण मुलीबद्दल 'तें आयलें' असे सहज बोलले जाते. कोबेब यांनी पुस्तकाच्या शेवटी आईवडिलांसाठी जो मजकूर लिहिला आहे, त्यात मुलगी असण्याचा त्रास आणि तुमचे अपत्य असण्याचा आनंद या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. मराठीत ते 'मुलगी' आणि 'मूल' असे किती सरळ उतरते. पण मूल मोठे झाले की मराठी त्याच्याकडून ते 'ते' काढून घेते. मोठ्या माणसाला 'ते' म्हटले तर एकतर आदर होतो किंवा 'ते येडं' अशी हेटाळणी. आणि मुळात त्या लिंगाचे नावच असे ठेवले आहे की वर्गात उच्चारताच मागच्या बाकावर खसखस पिकते. ज्याला हे लिंग आपले म्हणून घ्यायचे आहे, त्याला आधी त्या नावाची शिवी ओलांडावी लागेल.

इथे चित्र कामाला येते. चित्राला क्रियापद नसते. चौकटीत एक माणूस दाराशी उभे आहे एवढेच दिसते. ते आले की आली हे चित्र सांगत नाही. कोबेब यांनी हे माध्यम निवडले ते काही व्याकरण टाळायला नव्हे, कॉमिक हेच त्यांचे शिक्षण आणि व्यवसाय. पण मराठी वाचकाला मात्र ते पहिल्यांदा जाणवते. चित्रात दुसरी अडचण उभी राहते, ती शरीराची. शब्दात छाती लपवता येते, चित्रात ती काढावी तरी लागते किंवा सैल सदऱ्याखाली झाकावी लागते, आणि दोन्हींचा अर्थ होतो. प्रत्येक चौकटीत स्वतःला पुन्हा काढताना कोबेब यांना हा निर्णय पुन्हा घ्यावा लागला असणार. आपल्या घरांत तस्वीर काढण्याबद्दल जो संकोच आहे त्याची मला जाणीव आहे. पण कोकणाला चित्रातून गोष्ट सांगणे परके नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्यांची एकेक चित्रे पुढे करत रामायण-महाभारत सांगत आले आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. शांताबाई कांबळे या शिक्षिकेने आपल्या आत्मकथनाला 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे नाव दिले, ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले. नाव चित्तरकथेचे, पण पुस्तक शब्दांचेच. दुसऱ्याची गोष्ट चित्रांतून सांगणारे आपल्याकडे आहेत, स्वतःची गोष्ट चित्रांतून सांगणारे मला आढळले नाहीत. अमृता पाटील यांची 'कारी' २००८ साली आली, मुंबईतल्या एका आखूड केसांच्या, चौकटीत न बसणाऱ्या मुलीची. ती सुंदर आहे, पण ती कादंबरी आहे आणि इंग्रजीत आहे.

मराठीत या विषयावर सगळ्यात मोठा आवाज लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचा. 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन २०१२ साली आले, शब्दांकन वैशाली रोडे यांचे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना मान्यता देणारा जो निकाल दिला, त्या प्रकरणात लक्ष्मी यांनीही बाजू मांडली होती. दिशा पिंकी शेख यांच्या 'कुरूप' या संग्रहातल्या कविता आहेत. राजन गवस यांनी जोगत्यांचे आयुष्य 'भंडारभोग' मध्ये आणले. हे सगळे साहित्य मोठे आहे आणि धैर्याचे आहे. पण त्यात एक गोष्ट समान आहे. त्यातले माणूस एका परंपरेत, एका ओळखीच्या जागेत जाते: गुरू, घराणे, देवीचा जग. त्या जागेला समाजात अपमान आहे पण नाव आहे. कोबेब यांच्यासारखे घरातच राहणारे, नोकरी करणारे, कुठल्याही जमातीत न जाणारे आणि तरीही 'तो' किंवा 'ती' न होणारे माणूस मराठी साहित्याने अजून पाहिलेले नाही. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यात व्याख्या करताना किन्नर, हिजडा, जोगता यांच्याबरोबर 'जेंडरक्वीअर' हा शब्दही घातला गेला. शब्द कायद्याच्या पुस्तकात आला आणि गोष्टीच्या पुस्तकात आला नाही, असे आपल्याकडे क्वचित घडते.

या पुस्तकात मला सगळ्यात जास्त थांबवले ते मावशी-आत्यांच्या नात्यातल्या एका बाईने. ती स्वतः स्त्रीवादी आहे, बाईवर प्रेम करणारी आहे, म्हणजे जुन्या चौकटी तिनेही मोडल्या आहेत. ती विचारते की तुझे हे मुलगी नको असणे, हा कुठेतरी खोल बसलेला बाईपणाचा तिरस्कार तर नाही? मी हा प्रश्न वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. कारण तो माझाही प्रश्न होता. आमच्याकडे मुलगी वयात आली की सायकल सुटते, बंदरावर जाणे सुटते, मोठ्याने हसणे सुटते. भावाला जे न मागता मिळते ते तिला मागूनही मिळत नाही. अशा मुलीला 'मी जातो' म्हणावेसे वाटले तर त्यात नवल काय? तिला मुलगा व्हायचे नसेल, फक्त जायचे असेल! मग तिला वेगळी ओळख देण्यापेक्षा सायकल परत द्यावी हे बरे नाही का? कोबेब या प्रश्नाला बगल देत नाहीत, तो मनाला लागल्याचे दाखवतात, पण त्याचे पुरेसे उत्तर पुस्तकात मिळत नाही. जे मिळते ते असे की कोबेब यांना बऱ्यापैकी मोकळीक होती, आईवडील उदार होते, कोणी काही फार अडवले नव्हते, आणि तरीही ते वाटणे गेले नाही. हे उत्तर कॅलिफोर्नियाचे आहे. हर्णेत दोन्ही गोष्टी एकाच मुलीत असू शकतात आणि त्या वेगळ्या कशा करायच्या हे मला हे पुस्तक सांगत नाही. ही या पुस्तकाची उणीव म्हणावी की आपल्यासाठी राखून ठेवलेले काम, हे मी ठरवू शकलेली नाही.

आपले वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की याला दीनचा आधार काय. मी आलिमा नाही. पण जे वाचले आहे ते एवढे सांगते. फिकहच्या किताबांत खुन्साचा, म्हणजे ज्याच्या शरीरावरून स्त्री की पुरुष ठरत नाही त्याचा, स्वतंत्र विचार आहे. वारशात त्याचा हिस्सा कसा काढायचा, जमातीत त्याने कुठे उभे राहायचे, हे तपशिलाने दिले आहे. जागा सांगितली आहे ती पुरुषांच्या सफेमागे आणि बायकांच्या सफेपुढे. अजिबात ठरवता आले नाही तर त्याला 'खुन्सा मुश्किल' म्हणतात. माणसाला मशिदीबाहेर काढलेले नाही, मुश्किल फकीहांनी आपल्याकडे घेतली आहे. आपण कोकणातले लोक शाफई. आपल्या मसलकाचे थोर इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी 'सहीह मुस्लिम'च्या शरहमध्ये मुखन्नस दोन प्रकारचे सांगितले आहेत: जो निसर्गतःच तसा घडला आहे त्याच्यावर दोष नाही. जो मुद्दाम सोंग आणतो त्याच्यावर आहे. यावरून कोबेब यांचे सगळे म्हणणे जायज ठरते असा अर्थ मी काढत नाही. खुन्साचा प्रश्न शरीराचा आहे, कोबेब यांचा मनाचा. बहुतेक उलमा हा फरक दाखवतील. पण साडेसातशे वर्षांपूर्वी दमास्कसमधला एक मोठा आलिम घडलेला आणि बनलेला यांत फरक करायला थांबला, आणि मी एका वहीवर थांबले नाही, हे मला बोचते.

आपल्या अदबातही अशा जागा आहेत, पण त्या दाखवताना घाई करू नये. दखनीत विजापूरच्या हाशमीपासून पुढे लखनौच्या रंगीनपर्यंत पुरुषांनी बाईच्या आवाजात लिहिलेली रेख्ती आहे. हल्ली तिला या चर्चेत ओढण्याची टूम आहे. मला ते पटत नाही. बरीचशी रेख्ती पुरुषांच्या मजलिशीत बायकांच्या बोलीची मजा घेण्यासाठी होती. त्यापेक्षा अहमदाबादचे शाह मूसा सुहाग मला जवळचे वाटतात. अल्लाहची सुहागन म्हणून बांगड्या भरून राहिलेल्या त्या बुजुर्गांनी कोणाची करमणूक केली नाही.

पुस्तकाचा शेवट वर्गात होतो. कोबेब मुलांना कॉमिक काढायला शिकवत आहेत. आपली सर्वनामे कोणती हे त्यांनी वर्गाला सांगितलेले नाही. पालक काय म्हणतील, काम जाईल का, अशी भीती आहे. मग समोरच्या मुलांकडे पाहताना मनात येते की यांच्यात कोणी माझ्यासारखे असेल, आणि त्याने असे मोठे माणूस कधी पाहिलेच नसेल, तर माझ्या गप्प बसण्याने त्याचे काय होते? पुढच्या वेळी सांगायचे, असा निश्चय होतो आणि पुस्तक संपते. कितीतरी समीक्षकांना हा शेवट अपुरा वाटेल. शिक्षिकेला तो तसा वाटणार नाही. आम्ही बहुतेक गोष्टी पुढच्या वेळेवरच टाकतो.

शिक्षककक्षात एका सहकारी बाईंना मी ही शेवटची पाने मराठीत सांगत होते. सगळ्या गोष्टीत मी दर वाक्याला अडखळत आले होते, हे कसे म्हणू, ते कसे म्हणू. इथे आल्यावर मात्र वाक्य एका दमात आले: 'पुढच्या वेळी मी सांगेन.' बाईंनी विचारले, "म्हणजे ती सांगणार की तो?" मी म्हटले, "यात ते येतच नाही." तेवढ्यात घंटा झाली. भाची ईदला येणार आहे, तेव्हा पुस्तक परत न्यायचे म्हणते. मी तिला अजून एक महिना मागितला आहे.